शाळेचं मत

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढे निघून आले. तरी आज तुमच्याशी बोलायचं आहे, विश्रामबागेतल्या कॉलेजातल्या त्या सकाळीबद्दल.

आष्ट्याच्या आमच्या घरी तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा वडील लढाईवर होते. आई चुलीपुढून उठून, पदर सावरत दारात आली. "आवं मास्तर, पोरीला म्होरं शिकवायचं का न्हाई, मला काय कळतंय? तिचा बा हितं न्हाई. तुमीच सांगा." तुम्ही म्हणालात, "तिला मॅट्रिकला बसवू. पेपर तपासणाऱ्याला मुलगी दिसत नाही, गाव दिसत नाही. त्याला फक्त नंबर दिसतो." त्या वाक्यावर मी ते अख्खं वर्ष काढलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही मला बीजगणित शिकवायचात, मी चुकले की फळा पुसून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लावायचात, रागवायचात मात्र नाही. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, आणि पेढे घेऊन तुम्हीच आमच्या दारात आलात.

म्हणून सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात तुम्ही बरोबर आलात याचा मला कोण आधार वाटला होता. मला सायन्सला जायचं होतं, पुढे डॉक्टर व्हायचं होतं. हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रिन्सिपॉलांनी आपल्या खोलीत माझे गुण पाहिले. "गुण उत्तम आहेत," ते म्हणाले, "पण सायन्सची एकच जागा उरली आहे, आणि एक मुलगाही आलाय. त्याचे गुण हिच्याहून कमी आहेत. शाळेचं मत काय?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मुलगी हुशार आहे. पण वर्षा-दोन वर्षांत लग्न होईल. मुलाला दिलीत तर जागा कामी येईल." तो मुलगा तुमचा कुणी नव्हता. तुम्हाला त्यातून काही मिळायचं नव्हतं. तुम्हाला मनापासून तसंच वाटत होतं, आणि ते मला तिथे, परक्या माणसासमोर कळलं.

मला आर्ट्सला घेतलं. परतताना मोटारीत तुम्ही म्हणालात, "तुझ्या भल्याचंच बोललो." घरी आई विचारत राहिली, "लय मार्क पडलं म्हनतीस, मग न्हाई का म्हनलं?" जागा भरल्या, एवढंच मी सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. ती बिचारी दर सुगीला तुमच्याकडे भुईमुगाच्या शेंगा पाठवत राहिली, आणि तुम्ही त्या घेत राहिलात.

पुढे मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. तुम्ही अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा भेटायला आले. धीर करून विचारलं, "सर, त्या दिवशी कॉलेजात तुम्ही तसं का म्हणालात?" तुम्ही आढ्याकडे पाहत म्हणालात, "कुठल्या दिवशी, बाळ?" मी म्हटलं, "काही नाही," आणि तुमची उशी सारखी केली.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही खरंच विसरला होतात की मला टाळलंत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टाळलंत, असंच मी मनाशी धरून चालते. कारण विसरला असाल, तर त्या सकाळी त्या खोलीत मी एकटीच होते.