उधाणाच्या माथ्यावर

आमेलांडच्या खालची वाळू
१३ ऑक्टोबर १९८८

प्रिय रिन्स्के,

तुझी कंबर कशी आहे? जिना चढउतार करू नकोस. माझी खोली वरची आहे म्हणून ती झाडायला तर मुळीच चढू नकोस, मी आले की झाडीन. आम्ही दोघं ठीक आहोत. हवा कोरडी, वारा पूर्वेचा. उत्तरेकडचे काळे रानहंस उतरायला लागलेत आणि दिवसभर कुरकुर चालू असते. बाबांनी होडीला त्यांचं नाव ठेवलं ते उगीच नाही, आपली 'रॉटगान्स' म्हातारपणी अगदी तश्शीच कुरकुरते.

हार्लिंगेनहून निघालो, व्लीलांडला दोन दिवस राहिलो, मग टेर्सखेलिंग. तिथे रानात लाल बोरं अजून होती. मी बादलीभर तोडली आणि त्यांचा मुरंबा केला. थोडा करपला, तरी तुझ्यासाठी एक बरणी ठेवलीय.

आता तू म्हणणार, आफके, मुद्द्यावर ये. येते. शनिवारी मी तुझ्याकडे झुटफेनला पोचत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही बहुतेक नाही.

काल सकाळी भरतीला वित्सेने होडी इथल्या वाळूवर घेतली. ओहोटी लागली, होडी टेकली, आम्ही वाटाण्याचं सूप प्यालो. हे नेहमीचंच. आपल्या सपाट बुडाच्या होड्या त्यासाठीच असतात, पाणी गेलं की बसायचं, पाणी आलं की उठायचं. पण पुढच्या भरतीला होडी उठली नाही. आज सकाळीही नाही. कारण काल उधाण होतं. पंधरवड्यातली सगळ्यात मोठी भरती, आणि तिच्या अगदी माथ्यावर त्याने नांगर टाकला. आता येणारी प्रत्येक भरती आदल्या भरतीहून खुजी. तू नदीकाठची होऊन बसलीस म्हणून आठवण करून देते, पुढचं उधाण येईपर्यंत आम्ही इथेच. पाणी येतं, बुडाला हात लावतं आणि निघून जातं.

बाबा अशा लोकांना किती हसायचे! शहरातले हौशी लोक उधाणाला वाळूवर चढून बसायचे, मग बाबा त्यांना पाव-दूध नेऊन द्यायचे आणि घरी येऊन आईला त्यांच्या नकला करून दाखवायचे. आणि आता खुद्द बाबांचा जावई, माझाच नवरा! जन्मभर परदेशांतल्या बंदरांचा गाळ उपसणारा, पाणी कधी कुठे असेल ते झोपेतही सांगणारा वित्से. नुसतं "चुकलं" म्हणाला. मीही म्हटलं, "होतं असं कधी कधी." आणि पावाला लोणी लावत बसले.

हो, तू विचारायच्या आत सांगते. नाही बोलले मी त्याच्याशी. व्लीलांडलाच सांगायचं ठरवलं होतं, की मी तुझ्याकडे राहायला जातेय, कायमची. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तो बंदरावर भाजलेला मासा घेऊन आला आणि त्यातले काटे काढून माझ्या ताटात ठेवायला लागला. काटे काढणाऱ्या माणसाला असं काही सांगता येतं का? टेर्सखेलिंगला पाऊस होता. इथे सांगणार, तर आता दोन आठवडे त्याच कोठडीएवढ्या खोलीत त्याच्यासमोर बसायचंय.

माझं मन बदललेलं नाही, हे लक्षात ठेव. तो दूर होता तेव्हा मी सुखात होते गं. वर्षातून दोनदा यायचा, भेटी आणायचा, मी केस विंचरून बंदरावर जायची. आता निवृत्त होऊन घरी बसलाय तर माझ्या स्वयंपाकघरातले डबे जहाजाच्या कोठारासारखे उंचीप्रमाणे लावून ठेवतो. मी पाव आणायला निघाले तरी विचारतो, "परत किती वाजता?" जेवताना अक्षर नाही. एवढी वर्षं इंजिनाच्या आवाजात जेवलेला माणूस, त्याला वाटतं जेवताना कुणी बोलतच नसतं.

थंडी पडायला लागलीय. मी त्याचं जुनं, ग्रीसचा वास येणारं जाकीट घालून बसलेय. निघालो त्याच दिवशी त्याने ते माझ्या खांद्यावर टाकलं. उन्हाळ्यातच तुझ्याकडे पाठवलेला माझा कोट कुठे आहे, हे मात्र विचारलं नाही.

उत्तर बेटावरच्या ब्यूरेन गावातल्या बेकरीच्या पत्त्यावर पाठव. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं.

तुझी,
आफके


तिथेच
२१ ऑक्टोबर

प्रिय रिन्स्के,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, थप्पड मारल्यासारखी चार ओळींची चिठ्ठी! "अडकलीय ती होडी. तुला पाय आहेत, बेटावर बोट आहे. ये." तुझा ताईपणा पोस्टाने यायलासुद्धा एक दिवस पुरतो.

खरंय तुझं. म्हणून परवा मी निघाले. कशी, ते सांगते.

सकाळी त्याला म्हटलं, "पाव संपलाय, ब्यूरेनला जाऊन येते." मोठी पिशवी भरून ठेवली होती. कपडे, चपला, आईचा फोटो. त्याने "परत किती वाजता" विचारलं नाही. रबरी बूट चढवले, खोली मोजायची काठी घेतली आणि म्हणाला, "मधल्या पट्ट्यात चिखल मऊ झालाय. तुला एकटीला वाट सापडायची नाही, मी पुढे होतो." आणि माझी पिशवी त्याने उचलली.

रिन्स्के, पाव आणायला निघालेली पिशवी एवढी जड नसते. तो ती खांद्यावर घेऊन चालला. पुढे काठीने चाचपत, मागे वळून न बघता, पण माझं पाऊल रुतलं की बरोब्बर थांबायचा. मला वाटलं, आता बोलेल, मग बोलेल. बेटाच्या कडेच्या बांधापाशी पोचलो तेव्हा त्याने पिशवी गवतावर ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "दुपारची बोट अडीचची आहे. नेसपर्यंत बस मिळेल."

मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"कोटाची खुंटी रिकामी झाली तेव्हापासून. उन्हाळ्यात कोण हिवाळी कोट बाहेर काढतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तू तुझं घर एकटीने चालवलंस. मी त्यात पाहुणा म्हणून बरा होतो, मलाही कळतं ते." मग पायातल्या चिखलाकडे बघत म्हणाला, "तुला थांब म्हणायला जीभ उचलेना. म्हणून होडी थांबवली. तेवढं एकच काम मला नीट येतं."

"म्हणजे चुकलं नव्हतं?"

"आफके, तू कुणाची मुलगी आहेस! तुला खरंच वाटलं मी चुकलो?"

मला हसू आलं, आणि हसताना रडू. चांगलंच रडले. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, जसा बंदरावर निरोप घेताना उभा राहायचा. मग म्हणाला, "पाणी फिरेल आता. मला निघायला हवं, नाहीतर मधला पट्टा भरेल." आणि काठी टेकत निघून गेला. एकदाही "चल" म्हणाला नाही. मला त्याचा असा संताप आला!

मी बेकरीत गेले. बेकरीवाल्या येल्त्येबाई म्हणजे बेटाचं वर्तमानपत्र. पिशवीकडे एक नजर टाकली आणि सुरू झाल्या, "काय हो, तुम्हीच ना त्या वाळूवरच्या? आमचा नवरा रोज दुर्बिणीतून बघतो तुमची होडी. म्हणतो, तो म्हातारा आंधळा तरी आहे नाहीतर प्रेमात तरी पडलाय!"

"आंधळा नाही," मी म्हटलं.

"मग घ्या की साखरपाव. कालच्या भावात देते."

साखरपाव घेतला आणि बस थांब्यावर बसले. बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि म्हणाला, "बाई, बोटीला ना? चला." मी त्याला म्हटलं, "पावाचे सुटे विसरले, तुम्ही व्हा पुढे." असं काही विसरले नव्हते गं. तोंडाला आलं ते बोलले.

बांधावर परत आले तर पाणी फिरलेलं. वित्सेच्या पावलांचे खड्डे भरायला लागले होते, त्यांच्यावरूनच चालत गेले. एका हातात पाव, दुसऱ्या हातात ती मेली पिशवी. मधल्या पट्ट्यापाशी बघते तर तो तिथेच उभा! घोट्याच्या वर पाणी, काठीला रेलून, तोंड बांधाकडे.

मी ओरडले, "निघायला हवं होतं ना तुला? मग इथे काय करतोयस?"

"खोली मोजतोय," म्हणाला.

हे सगळं वाचून तू कपाळावर हात मारशील. मार. मी तुला अजूनही काही वचन देत नाही, आणि त्यालाही दिलेलं नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की डबे माझे आहेत आणि ते मला हवे तसे राहतील. त्याने मान डोलावली. जेवताना मात्र त्या दिवशी बोलला. कुठल्यातरी गरम देशातल्या बंदराची गोष्ट, एक माकड त्याची टोपी घेऊन क्रेनवर चढलं होतं ती. एवढ्या वर्षांत मला ती माहीत नव्हती. साखरपाव सगळा संपला.

माझी खोली अजून कुणाला देऊ नकोस.

तुझी,
आफके


नेसचं बंदर
२७ ऑक्टोबर

प्रिय रिन्स्के,

काल सकाळी 'रॉटगान्स' उठली. उधाण आलं, पाण्याने बुडाखाली हात घातला, फळ्या कुरकुरल्या आणि ती तरंगली. आज नेसला आहोत, उद्या घराकडे. हार्लिंगेनच्याच.

पण ती कालच पहिल्यांदा उठली असं नाही, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सोमवारी संध्याकाळी वायव्येचा वारा उठला. तुला माहीत आहेच, तो वारा समुद्राला आत लोटतो, मग वेळापत्रकाला कुणी विचारत नाही. आम्ही चहा पीत होतो. आधी कपातला चहा हलला. मग भिंतीवरचा कंदील हलायला लागला. मग सगळी होडीच हलकेच डुलली, डावीकडे, उजवीकडे. आम्ही तरंगत होतो, रिन्स्के! नांगर उचलला असता तर सुटलो असतो.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने किटली सांडू नये म्हणून हाताने धरली होती. म्हणाला, "आणखी घेणार?"

मी कप पुढे केला. "अर्धाच."

तो कप आम्ही किती वेळ प्यालो कोण जाणे. वारा पडला, पाणी ओसरलं, होडी पुन्हा वाळूवर टेकली. कंदील थांबला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्याच क्षणी मला माझं मन कळलं.

आता राहिलेलं एक. तुझ्या चिठ्ठीत तू हजार गोष्टी विचारू शकली असतीस, पण वित्सेसारखा माणूस असा चुकला कसा, एवढं एक विचारलं नाहीस. तू बाबांचीच मुलगी. पहिलं पत्र वाचतानाच तुला समजलं असणार, की होडी अशी वाळूवर घेताना पुढे कुणीतरी काठीने खोली मोजत उभं लागतं आणि ती खोली मोठ्याने सांगावी लागते. मी उभी होते. आदल्या रात्री मी पुनवेनंतरचा किंवा अवसेनंतरचा दिवस आहे का हे बघितलं नाही, असं एकदा तरी झालंय का? मला उधाण माहीत होतं. माथा माहीत होता. तरी मी नेहमीच्या आवाजात ओरडत राहिले, कंबरभर, मांडीभर, गुडघाभर, टाक. त्याने माझ्या शब्दावर नांगर टाकला.

ते मी त्याला काल सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं. तू जरा जास्तच खणखणीत ओरडत होतीस."

खोली दे कुणाला. पण वसंतात महिनाभर मला लागेल, एकटीला. त्याला तसं सांगितलंय. "परत किती वाजता?" असं त्याने विचारलं, पण हसत.

कोट मात्र पोस्टाने पाठवू नकोस. वित्से तो न्यायला स्वतः तुझ्याकडे येणार म्हणतो, रविवारच्या गाडीने. त्याला जेवायला घाल, माकडाची गोष्ट काढली तर पहिल्यांदाच ऐकतेयस असं दाखव, आणि संध्याकाळच्या आत परत पाठव. इकडे थंडी आहे आणि मी वाट बघतेय.

तुझी,
त्याच्या जाकिटातली
आफके