स्लॅबवरचं पाणी

माय, घर झालं. मेहकरच्या कडेला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर स्लॅब. हे तुला अभिमानाने सांगावं असं खूप वाटलं होतं. पण त्या घराचा नुसता विचार आला तरी नाकात फिनाईलचा वास शिरतो, म्हणून आधी तोच लिहून टाकते.

स्लॅब टाकला भर उन्हाळ्यात. पैसे जुळले तेव्हा काम, ऋतू कोण पाहतो? ठेकेदाराने स्लॅबवर वाफे पाडून त्यात टँकरचं पाणी भरून ठेवायला सांगितलं. पाणी आटलं की तडे गेलेच, म्हणाला. दुसऱ्यांदा स्लॅब टाकायची आमची ऐपत नव्हती. रोज ऑफिसला जाण्याआधी मी वर चढून एकेक वाफा पाहत असे. गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नव्हता. शेजारच्या टिनाच्या खोलीतल्या म्हातारीची भांडी दारात पालथी पडलेली, आणि माझं सिमेंट काठोकाठ पाण्यात बसलेलं.

एका सकाळी ती म्हातारीच वर दिसली. वाटीने वाफ्यातलं पाणी पितळी गुंडात भरत होती. मला पाहून दचकली नाही. धुण्याला नेते, म्हणाली, आणि गुंड कमरेवर घेत बोलली, "तुमच्या घराले तहान लागते बाई, आमी तं दगडाचेच." मी हसले. खाली येऊन ठेकेदाराला फोन केला, काहीतरी करा म्हणाले. तेव्हा तू आठवली नाहीस. आता आठवतेस. जानेफळचं स्वयंपाकघर, मी परकरातली, रात्रीचं उरलेलं पाणी मोरीत ओतून ताजं भरते आहे, आणि तू पिठाच्या हाताने माझं मनगट धरतेस. "फेकलं काऊन वं? पानी का भाकर हाय, शिळं व्हाले?" मनगटावरचं ते पीठ मी शाळेत पोचेपर्यंत पुसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाफ्यांतलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. ठेकेदार जिन्यावर तंबाखू मळत बसला होता. "आता कोनी नाई चढत मॅडम. बाटलीभर फिनाईल, बस." चांगलं पाणी त्याने नासवलं होतं, आणि तेही माझ्या एका फोनवर. पण माझ्या तोंडून निघालं काय? "स्लॅबला काही होणार नाही ना?" एवढंच. म्हातारीबद्दल शब्दही नाही. किळस त्याची करावी की स्वतःची, हे ठरवत मी ऑफिसला गेले आणि दिवसभर हात धूत राहिले. तेही पाणीच.

वास्तुशांतीला ती आली. पोटभर जेवली, घर हवेशीर झालं म्हणाली. पाण्याचा पेला उचलला, आधी नाकाशी नेला, मग प्यायली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या हातात बुंदीचं ताट होतं. मी पुढच्या पंगतीकडे वळले.

तू असतीस तरी हे पत्र मी तुझ्या हाती दिलं नसतं. पावसाळा सरला, माय. प्रत्येक खोलीत मान वर करून पाहिलं. छताला कुठे ओल नाही, तडा नाही. मला फार बरं वाटलं.