दोन बोटं पाणी

तीर्थरूप मामांस, आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या मामीस, भाच्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलो की पोट आडवं येतं. त्या पोटाचाही या पत्राशी संबंध आहे, पुढे कळेलच.)

मामीचा गुडघा कसा आहे? तुमचा चष्मा सापडला का? नात तुमच्यावर गेली म्हणे, म्हणजे नाक तरी नक्कीच. इकडे तुमची भाचेसून मजेत आहे, मीही मजेत आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत माझी जी काही शोभा झाली ती बघता इतकं मजेत असणं बरं दिसत नाही, असं तिचं म्हणणं. फोनवरच सगळं सांगणार होतो. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि मामी 'इकडे सगळं छान' म्हणून ठेवून देते, म्हणून पत्र. मजकूर जरा सविस्तर आहे, कारण याची एक प्रत आमच्या साहेबांच्या फायलीत लागायची आहे. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही पुन्हा लिहितोय, कंटाळू नका.

तर फायलीच्या माहितीसाठी: आमचं भूजल संशोधनाचं कार्यालय डोंगराच्या अलीकडे आणि तुमचं घर पलीकडे. तुमच्या परसातली विहीर ही आमची निरीक्षण विहीर. दर सोमवारी सकाळी कठड्यावरच्या पांढऱ्या खुणेपासून टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि आकडा कार्डावर लिहून आम्हाला पाठवायचा. अकरा वर्षं हे काम तुम्ही करताय, बिनपगारी. सुईत दोरा ओवता येईना म्हणून तुम्ही शिवणकाम सोडलंत, दुकान बंद केलंत, आणि दोन महिने खुर्चीतून उठला नाहीत. मामी रडकुंडीला आली होती. तेव्हा मी टेप तुमच्या हातात दिला (आकडे ठळक लाल, बिनचष्म्याचे दिसतात) आणि पुढच्या सोमवारी तुम्ही सहा वाजता दाढी करून विहिरीवर हजर. मामीनं मला फोन करून सांगितलं, 'इस्त्रीचा शर्ट घातलाय रे, विहिरीसाठी!' ते मी अजून विसरलो नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही नात बघायला तीन आठवडे लेकीकडे गेलात आणि विहिरीचा सोमवार चुकू नये म्हणून मामी मागे राहिली. (स्वतःची नात सोडून विहिरीसाठी मागे राहणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.) मामीचं पहिलं कार्ड आलं आणि मी खुर्चीतून उडालोच. पाणी पाच सेंटिमीटर वर! ऐन कोरड्या दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपका नाही, सगळ्या विहिरी खाली चाललेल्या, आणि आमच्या मामांची विहीर वर. दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारीही तेच. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? गाडी पकडून तुमच्याकडे आला असता, स्वतः टेप टाकला असता, मामीच्या हातचा चहा पिऊन परत गेला असता. पण मामा, मी शहाणा नाही, मी संशोधक आहे. आम्ही आधी डोंगराकडे बघतो, विहिरीकडे नंतर.

डोंगरावर आमच्या बाजूला जुनी दगडाची खाण आहे आणि तिच्यात बारमाही तळं. मी नकाशा काढला, पट्टी ठेवली, खाणीपासून तुमच्या परसापर्यंत सरळ रेघ मारली, आणि रेघ मारल्यावर मला ती दिसायलाच लागली. खडकाला आरपार भेग, भेगेतून झुळझुळ वाहणारा गुप्त झरा! साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, 'सिद्ध करा.' आमच्या पाणी तपासणाऱ्या बाई (ऑफिसात त्यांना सगळे बाटलीबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा) म्हणाल्या, 'आधी त्या विहिरीवर कोण मोजतंय ते तरी विचारा.' मी म्हटलं, 'बाई, मोजणारी माझी सख्खी मामी आहे.' त्या पुन्हा बाटल्यांकडे वळल्या. आता वाटतं, त्यांचा प्रश्न तितकासा वाईट नव्हता.

सिद्ध करायची आमची रीत सोपी असते. एका ठिकाणी पाण्यात रंग टाकायचा आणि तो दुसरीकडे कुठे निघतो ते बघत बसायचं. हा रंग हिरवा असतो, कोणाला बाधत नाही, आणि चिमूटभर पुरतो. चिमूटभर. मी मोजून पुडी बांधली होती. पण तळ्याच्या काठावर शेवाळ होतं, माझा पाय घसरला, मला सावरायला ड्रायव्हर धावला आणि त्याच्या काखेतला रंगाचा आख्खा डबा तळ्यात गेला. मामा, असा हिरवा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, 'साहेब, आता तो झरा नसला तरी तयार होईल.' मी मामीला फोन करून सांगितलं, रोज सकाळी विहिरीत डोकाव, पाणी हिरवं दिसलं की कळव. पाच दिवस मामी सांगत होती, 'शेवाळ आहे तेवढंच हिरवं.' सहाव्या दिवशी रंग निघाला. तुमच्या विहिरीत नव्हे. आमच्याच डोंगराच्या पायथ्याशी एक लॉन्ड्री आहे, ती खाणीतून पाझरणारं पाणी वापरते (हे नकाशात नव्हतं, नकाशा माझाच), आणि त्या लॉन्ड्रीतल्या अठरा पांढऱ्या चादरी पोपटी होऊन बाहेर आल्या.

लॉन्ड्रीवाला ओल्या हातांनीच ऑफिसात आला. फार भला माणूस, एकही वाईट शब्द बोलला नाही, फक्त एक चादर साहेबांच्या टेबलावर पसरली आणि शेजारी उभा राहिला. रविवारी मी, ड्रायव्हर आणि तुमची भाचेसून, तिघांनी मिळून त्या अठरा चादरी सात पाण्यांतून काढल्या. भाचेसून पिळता पिळता म्हणाली, 'लग्नाआधी तुम्ही सांगितलं होतंत की तुमचं काम दगडांचं आहे.' सतरा चादरी पांढऱ्या झाल्या. अठरावी आमच्याकडेच आहे, पोपटी, आणि खरं सांगू, खोलीत छान दिसते.

एवढ्यावर तरी डोकं ठिकाणावर यायला हवं होतं ना? पण गाढवापुढे वाचली गीता! मी म्हटलं, झरा संथ आहे, रंग यथावकाश पोचेल. तेवढ्यात तुम्ही परत आलात, सोमवारी टेप टाकलात, आणि पाणी पुन्हा पाच सेंटिमीटर खाली! मला तर आनंदाचं भरतं आलं. झरा नुसता गुप्त नाही, लहरीसुद्धा आहे! मी बावीस पानी निबंध लिहिला, रंगीत आलेख काढले. शुक्रवारी वार्षिक बैठक होती, बाहेरून एक मोठ्या तज्ज्ञ बाई यायच्या होत्या, त्यांच्यापुढे तो वाचायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी बैठकीसाठी मी ती राखाडी पँट काढली, मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही शिवलेली. कंबरेला बसेना. धावत गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो. त्यानं कंबरेची शिवण उसवली, आत बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, 'ही कुणी शिवलीय?' म्हटलं, 'आमच्या मामांनी.' तो म्हणाला, 'आत दोन बोटं कापड राखलंय बघा. आता कोण एवढी माया सोडतं?' (माया म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड. हे फायलीसाठी लिहिलं.) मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, 'आमचे उस्ताद तर टेपवर तीस दिसले की लिहिणाऱ्याला सव्वाएकतीस सांगायचे. कापणाऱ्याचा हात चुकला तरी कापड पुरायला हवं. त्यांना पुढे पुढे खरा आकडा तोंडातून निघायचाच नाही.'

मामा, उसवलेली कंबर घालून बघायला मी त्या दुकानात एका पायात पँट आणि दुसरा पाय उघडा असा उभा होतो, तो तसाच स्टुलावर बसलो. कॉलेजच्या सुट्टीत तुमच्या दुकानात मापाची वही मीच धरायचो की हो! टेपवर चौतीस दिसायचे, तुम्ही वर दोन बोटं धरून सव्वापस्तीस म्हणायचात. एकदा मी तुमची चूक काढली तेव्हा टपली मारून म्हणाला होतात, 'अरे, कमी पडलं तर माणूस परत येतो, उरलं तर कधी येत नाही.' म्हणजे अकरा वर्षं तुम्ही विहिरीचंही माप घेत होतात! टेपवर खोली दिसली की वर दोन बोटं मिळवायची, आणि मग कार्डावर लिहायची. मामीनं दिसलं ते लिहिलं, म्हणून पाणी वर आलं. तुम्ही परत आलात, पाणी खाली गेलं. झरा कसला आणि भेग कसली! बावीस पानं!

घरी येऊन निबंध टेबलावर टाकला. निबंधाचं मला काही वाटलं नाही, रद्दी रोजचीच. भीती वेगळीच होती. साहेबांना केव्हापासून सगळ्या निरीक्षकांना घरी बसवून विहिरींवर यंत्रं लावायची आहेत. मी खरं बोललो तर पहिलं यंत्र तुमच्या विहिरीवर लागणार. खोटं बोललो तर नसलेला झरा कागदोपत्री कायमचा वाहणार आणि उद्या कोणीतरी त्याच्या भरवशावर नळयोजना आखणार. माझ्या डोळ्यांपुढे सारखी तुमची ती खुर्ची येत होती. भाचेसून म्हणाली, 'मामांना खोटं चाललं असतं का?' मी म्हटलं, 'ते तर अकरा वर्षं…' आणि आम्ही दोघं इतके हसलो की शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं.

शुक्रवारी उभा राहिलो, निबंध मिटला आणि पँटीपासून सुरुवात करून सगळं सांगून टाकलं. हशा पिकला. बाटलीबाईंना तर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. साहेब तेवढे हसले नाहीत. म्हणाले, 'झालं! अकरा वर्षांच्या नोंदी कचऱ्यात, आता यंत्र.' तेव्हा त्या तज्ज्ञ बाई, ज्या इतका वेळ नुसत्या आलेखाकडे बघत होत्या, त्यांनी विचारलं, 'या गृहस्थांनी किती सोमवार चुकवले?' म्हटलं, 'पाचशे बहात्तरांपैकी एकही नाही. तीन मामीनं केले.' 'आणि तुमचं यंत्र जिथे आहे तिथे?' साहेब फायलीची नाडी बांधायला लागले. (तिथे वर्षातून चारदा मुंग्या शिरतात.) बाई म्हणाल्या, 'चूक रोज सारखीच असेल तर वजा करता येते. त्यांना सुधारू नका, जसं मोजतात तसंच मोजू द्या. फक्त दोन बोटं म्हणजे किती, आणि ती नेहमी दोनच होती का, हे लेखी आणा.' मामा, त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण शिवण नुकतीच घातलेली होती.

तर साहेबांनी एक महिना दिला आहे. सोबत चौकटींचा कागद पाठवतोय. मोजताना ज्या हाताची दोन बोटं तुमच्या मनात असतात, तो हात त्यावर ठेवा आणि पेन्सिलीनं भोवती रेघ काढा. खाली 'नेहमी दोनच' असं लिहून सही करा. तो कागद साहेबांच्या शिक्क्यानिशी फायलीत लागणार आहे. शास्त्राच्या फायलीत शिंप्याची बोटं लागायची ही पहिलीच वेळ असेल, आणि ती माझ्या मामांची आहेत, म्हणून मी मजेत आहे.

तुमचा भाचा

ता. क. अमुक उन्हाळा कडक होता म्हणून तुम्ही दोनाची तीन बोटं केली असतील, तर तेही लिहा. रागावणार नाही.

ता. क. दुसरा. (हा फायलीत लागत नाही. मामी, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. मामांनी विचारलं तर सांग, पँटीचं काहीतरी आहे.) मामी, मी माझी दोन बोटं मोजली, बाटलीबाईंची मोजली, ड्रायव्हरची मोजली, गल्लीतल्या शिंप्याचीही मोजली. कोणाचीही साडेतीन सेंटिमीटरच्या वर जात नाहीत. फरक मात्र पाचाचा होता. वरचे दीड सेंटिमीटर कुठले गं? तुझा स्वभाव मला माहीत आहे. पातेल्याचा तळ खरवडत असतानाही तू 'घ्या घ्या, भरपूर आहे' म्हणतेस. विहिरीचंही तसंच काही लिहिलंस का? खरं कळव, मामांना सांगणार नाही. तू 'हो' म्हणालीस तर हिशेब जुळतो आणि मामांचा सोमवार वाचतो. 'नाही' म्हणालीस, तर ते दीड सेंटिमीटर पाणी खरंच कुठून तरी आलं, आणि मला पुन्हा डोंगरावर जावं लागेल. हिरव्या रंगाचा एक डबा अजून शिल्लक आहे.