मेहुण्याच्या दोन साखळ्या

३ मार्च
गच्चीवर सोलर बसलं. आजपासून आपण कुणाचे मिंधे नाही.

५ मार्च, सकाळी ११
गल्लीतली वीज गेली. ऊन रणरणतंय आणि माझाही पंखा बंद! काहीतरी काळंबेरं आहे.

५ मार्च, दुपारी
मेहुणा वीज कंपनीत लाइनमन. त्याला फोन करून झापलं. म्हणाला, भाऊजी, बाहेरची वीज गेली की तुमचा सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, मुद्दाम तसाच बनवलाय. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावरचा माणूस मरेल. पाठ केल्यासारखं बोलला. संशय बळावला. मी तुमचं चालू देणार नाही, असं ठणकावलं.

९ मार्च
पुन्हा गेली. खिडकीतून मेहुण्यावर पाळत ठेवली. खांबावर चढला, पण तारेला हात लावेना. आधी जमिनीशी जोडलेली साखळी काठीने तारांना अडकवली. एक पुरेना म्हणून दुसरी. मग काम. बंद तारेला कोण इतकं घाबरतं? निव्वळ वेळकाढूपणा. बायको म्हणाली, माझ्या भावावर संशय घेऊ नका. मी म्हटलं, संशय नाही, निरीक्षण.

१२ मार्च
उपाय सापडला. छोटा जनरेटर जोडायचा. वीज आली असं समजून इन्व्हर्टर कामाला लागतो. त्याआधी मेन स्विच बंद करायचा, म्हणजे आपली वीज घरातच राहते. सोपं आहे. बायकोला सांगितलं नाही. ती भावाला सांगेल.

१५ मार्च
जनरेटर तयार, तर वीज जाईना. यांना कुणकुण लागलीय.

१६ मार्च, ११.१०
गेली. आधी खिडक्या लावल्या, पडदे ओढले. कुणी बघायला नको. आता जनरेटर.

१६ मार्च, ११.२५
पंखा जागचा हलला नाही. जनरेटरमधून धूर. बाहेर आरडाओरडा. मेन स्विच चालूच राहिला होता.

१६ मार्च, दुपारी १
मेहुणा खांबावरच होता. माझी वीज साखळीतून जमिनीत गेली, ठिणग्या उडाल्या, त्याला काही झालं नाही. खाली उतरून सरळ आमच्याकडे आला. बायको त्याचा हात सोडेना.

मी माफी मागितली. रडलोसुद्धा. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, राहू द्या भाऊजी. बाकी सगळीकडे मी एकच साखळी लावतो. तुमचा फोन आल्यापासून या गल्लीत दोन.