फाटकासमोरचा उतार

नागपूर,
दि. १२ जानेवारी २०२६

श्री. धम्मानंदजी यांस,
जय भीम.

जय भीम कोणालाच नाकारता येत नाही, म्हणून लिहिला. पुढच्या मजकुरात प्रेम शोधू नका. आमच्याकडे सर्व ठीक आहे. तुमच्याकडेही ठीकच असणार. तब्येत धडधाकट असल्याशिवाय माणूस एवढ्या थंडीत पहाटे उठून दुसऱ्याच्या गाडीच्या काचेवर खळ लावून नोटीस चिकटवत नाही. खळ पक्की होती. काच खरवडताना माझं नख तुटलं.

नोटीस वाचली. ‘फाटकासमोरील उतारावर वाहन उभे करण्यास सक्त मनाई. येत्या रविवारी तेथे लोखंडी खांब बसविण्यात येतील.’ खाली तुमची सही, सहीखाली ‘सचिव, ले-आउट समिती’. लोकांच्या हिशोबाने मी तुमचा व्याही लागतो. पण उभा जन्म सरकारी टेबलामागे काढलेल्या माणसाला व्याह्याशी बोलायलाही जावक क्रमांक लागत असेल.

तर ऐका. तो उतार तुमच्या मालकीचा नाही. सिमेंटचा रस्ता झाला, तो आपल्या घरांपेक्षा कमरेएवढा वर गेला आणि आपली गल्ली तुमच्या फाटकापासून माझ्या दारापर्यंत घसरगुंडी झाली. पावसाळ्यात तुमच्या दारचं पाणी माझ्या घरात शिरतं, तेव्हा मी कोणाला नोटीस दिली नाही. त्या उताराचा मला एकच फायदा आहे. माझ्या व्हॅनचा सेल्फ गेला आहे. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला फिरवणारी मोटर. तुम्ही जन्मभर स्कूटरला किक मारलीत, म्हणून समजावून सांगतो. संध्याकाळी हिंगण्याच्या कंपनीतल्या बायांना घरोघरी सोडलं की मी गाडी तुमच्या फाटकाशी तोंड खाली करून लावतो आणि चाकाला दगड देतो. सकाळी दगड काढला की ती आपसूक घरंगळते. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरतं. सगळं नागपूर ताटासारखं सपाट, उतार आहे तो नेमका तुमच्या दारात. माझं नशीबच तसं.

तुम्ही म्हणाल, असली गाडी ठेवायची कशाला? बंटी मिस्त्रीही हेच म्हणतो. “काका, विकून टाका न आता. काहून जीव लावून राहिले या डब्ब्याले?” डब्बा तर डब्बा. किलोमीटरचा काटा तीन लाखांच्या पुढे कुठेतरी दमून बसला. रेडिएटर गळतो, त्यात मी हळद टाकतो, हळदीने गळती बुजते. सायलेन्सरला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आहे. सरकतं दार दोरीने बांधावं लागतं. मागची सीट भंगारातून आणली, म्हणून ती निळी आणि बाकीच्या तपकिरी. पण याच गाडीवर घर चाललं, याच गाडीवर माझी उन्नती शिकली. नवीन गाडीचे हप्ते भरायला मला तुमच्यासारखी पेन्शन नाही.

माझ्या गाडीचा धूर तुम्हाला पहिल्यापासून खुपतो. तिची तक्रार करून तुम्ही मला चौकीत उभं केलंत. तेव्हापासून तुमच्या घराचं नाव निघालं की मी ताटावरून उठायचो. उन्नती हे बघत मोठी झाली. त्याच घराने माझी मुलगी नेली, आणि नेली ती माझ्याच गाडीतून.

मागच्या बुद्ध पौर्णिमेला ती सकाळीच पांढरी साडी नेसून तयार. “बाबा, मले पलीकडच्या वस्तीतल्या विहारात सोडून द्या न. कार्यक्रम हाये.” पौर्णिमेला आपल्यातली कोणती बाई पांढरी साडी नेसत नाही? आपली नवरीही पांढऱ्या साडीत असते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वाटेत गाडी बंद पडली, तिनेच उतरून धक्का मारला. विहाराच्या फाटकाशी तिला सोडलं आणि मी हिंगण्याची शिफ्ट घ्यायला गेलो. संध्याकाळी घरी आलो तर ती तुमच्या सौरवची बायको झालेली. तुम्ही त्या वेळी विहाराच्या आवारात होता. माझी गाडी पाहून पाण्याच्या टाकीमागे सरकलात, हे तिथल्याच एकाने मला मागून सांगितलं. इंदूला आदल्या रात्री ठाऊक होतं की नाही, हे मी माझ्या बायकोला अजून विचारलेलं नाही. पण तुम्हाला ठाऊक होतं. आणि आता नोटीस तुम्ही देता! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

खांब लावलेत तर मी ते उपटून टाकीन.

आणखी एक. सकाळी मी दगड काढायला येतो तेव्हा तुमच्या गॅलरीत कोणीतरी उभं असतं. कोण ते मला माहीत नाही, मी वर बघत नाही. पण पायात चप्पल नसते आणि अंगावर शाल नसते. तुमच्या घरात या वस्तू नसतील तर तसं कळवा.

शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे. नव्हताच तो, कुठून लिहू?

नत्थू


नागपूर,
दि. १५ जानेवारी २०२६

श्री. धम्मानंदजी यांस,
जय भीम.

उत्तर मिळालं. समास सोडून, परिच्छेद पाडून लिहिलेलं. वाचून जेवण गेलं, इंदूने ताट तसंच उचललं.

तुम्ही लिहिता, ‘नवा सेल्फ मी बसवून देतो, म्हणजे उताराची गरज राहणार नाही.’ वा रे दानशूर! मुलगी घेतली आणि वर सेल्फ देता? हा कुठला व्यवहार? माझ्या गाडीला काय लागतं ते मी बघतो. तिच्या रेडिएटरात हळद घालीन, नाहीतर कुंकू घालीन, तुम्हाला त्याचं काय करायचं?

पुढे लिहिता, ‘उन्नतीचे म्हणणे आहे की सेल्फ चालू स्थितीत आहे. परवा संध्याकाळी गाडी लावताना इंजिन बंद पडले व आपण किल्लीने पुन्हा सुरू केले, असे तिने आतून ऐकले.’ साफ खोटं. रस्त्यावरून शंभर गाड्या जातात, दुसरी एखादी असेल. बंद दाराआडून कोणाच्या गाडीचा सेल्फ कोणता, हे कोणाला कळतं?

तिला कळतं, हे खरं आहे. शाळेत जायची तेव्हा पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि म्हणायची, “बाबा, आज मागून काहीतरी वाजून राहिलं.” बंटीने गाडी वर घेतली की तिथलाच नट ढिला निघायचा. तुमच्या घरात अशा कानाचा काय उपयोग? तुम्ही तिला समितीच्या नोटिसा टाइप करायला बसवत असाल.

आणि ती साडीची गोष्ट तुम्ही मला का लिहिली? पत्राचा विषय तुम्हीच वर ‘वाहन उभे करणेबाबत’ असा घातला होता. त्यात साडी कुठून आली? लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिच्या पदरावर काळा डाग आहे, गाडीला धक्का मारताना लागलेला. तुमच्या घरच्या बाया दुसरी साडी घेऊन आल्या, तर ही म्हणाली, “राहू द्या. बाबाच्या गाडीचं हाये.” बरं झालं कळवलंत. आता मी रोज सायलेन्सरचा पत्रा बघायचा आणि तो डाग आठवायचा, असा तुमचा बेत असेल तर तो साधला. गेले दोन दिवस तेच चाललं आहे.

रविवारी खांब लावायला माणसं आणाल तेव्हा मी गाडी उतारावरून काढणार नाही. मी आत बसलेला असेन. माझ्यासकट खांब गाडा.

कळावे. कळत असेल तर.

नत्थू

ता. क. आज गॅलरीतल्या बाईच्या अंगावर शाल होती. ठीक आहे. चप्पल अजून नाही.


नागपूर,
दि. १७ जानेवारी २०२६

धम्मानंदजी,
जय भीम.

काल इंदू तुमच्याकडे येऊन गेली. दर शुक्रवारी ती भाजीला म्हणून निघते आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसून येते, हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. काल मात्र तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं बोलली.

खांब तुमचे नाहीत. उन्नतीने ते लावायला सांगितले. नोटीसही तिनेच टाइप केली, तुम्ही नुसती सही केली आणि खळ लावली. दोन पत्रं मी तुमच्या नावाने शंख केला आणि तुम्ही एका शब्दानेही सुनेचं नाव पुढे केलं नाहीत. याचाही मला राग आला. ज्याला शिव्या द्यायच्या त्याने तरी असं वागू नये.

ती आईला काय म्हणाली ते इंदूने मला जसंच्या तसं सांगितलं. “आई, बाबा रोज दारावर येते अन् चाकाचा दगड पाहून जाते. मी वरती उभी असते, मले पाहत नाही. मले आता सहन होत नाही वं. बाबाले म्हणा, एक तं आत या, नाही तं गाडी दुसरीकडं लावा. म्हणून मी मामाजीले खांब लावाले लावले.”

सेल्फ चांगला आहे. लग्न झालं त्याच आठवड्यात मी तो बंटीकडून बसवून घेतला. आधी दोन वर्षं आज करू, उद्या करू चाललं होतं. बसवून झाल्यावर बंटी म्हणाला, “आता कुठंबी बंद करा काका, टेन्शन नाही.” त्याच्या दुकानासमोरच मी गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी घेऊन धावला.

आता तुम्हाला ते सांगतो, जे इंदूलाही सांगितलेलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं की उन्नतीला विहाराच्या फाटकाशी सोडलं आणि निघालो. मधलं लिहिलं नाही. ती उतरली आणि सरकतं दार धरून उभी राहिली. म्हणाली, “बाबा, आत या न. पाचच मिनिटं.”

मी म्हणालो, “गाडी बंद केली तं चालू कोण करन? तिकडं शिफ्टच्या बाया उभ्या हायेत.”

“मी मारते न धक्का.”

“पांढऱ्या साडीत?” असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही. तिने दार ओढलं, दोरी नीट बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि आत गेली. इंजिन चालूच होतं. मी गिअर टाकला.

आणि त्या संध्याकाळपासून गल्लीत, नात्यात, हिंगण्याच्या बायांत, जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो की बापाला बोलावलं नाही, बापाला फसवलं. फसवलं हे खरं. पण बोलावलं होतं. पोरगी फाटकात उभी राहून आत या म्हणत होती आणि मी गाडीच्या सेल्फचं कारण सांगून निघून गेलो. तिला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा विचार मी करत नाही. करू लागलो तर गिअर चुकतो, आणि मागे सहा-सात बाया बसलेल्या असतात.

तुम्हाला मात्र मी माफ करणार नाही. तुम्ही टाकीमागे सरकला नसता आणि समोर आला असता तर मी गाडी बंद केली असती. तुमच्याशी भांडायला तरी उतरलो असतो. भांडता भांडता आत आलो असतो. एवढं तुमच्या हातात होतं आणि तुम्ही लपलात. हे माझ्या मनातून जाणार नाही. तुम्ही कितीही सेल्फ देऊ केलेत तरी जाणार नाही.

मग एवढे दिवस आत का आलो नाही, असं तुम्ही विचाराल. काय म्हणून येणार होतो? गाडी बंद करता येते आता, म्हणून आलो, असं सांगू? संध्याकाळी फाटकाशी गाडी लावावी, सकाळी ती घरंगळत न्यावी आणि मधे ती वर उभी असावी, एवढ्यावर मी भागवत होतो. तिचं भागत नव्हतं, हे मला सुचलं नाही.

तर उद्या खुशाल खांब लावा. मी अडवणार नाही. आज गाडी खाली माझ्या दारात लावली आहे, सपाट जागी. उद्या सकाळी आम्ही चालत येऊ. इंदू पुढे असेल, मी मागे. चहा तुम्ही केलात तर घेणार नाही. तुमच्याशी बोलेनच असंही नाही, शब्द देत नाही.

एकच मागणं आहे आणि ते मागताना मला फार जड जातंय. फाटकाशी आलो आणि माझा पाय उचलला नाही, तर तुम्ही ‘या, या’ करत पुढे येऊ नका. तुमच्या हाकेने मी माघारी फिरेन, माझा स्वभाव मला माहीत आहे. सौरवलाही पाठवू नका. मला तिथेच उभं राहू द्या. त्या दिवशी ती उभी होती तसं. तिला वाटलं तर ती म्हणेल. म्हणाली नाही तरी तिला कोणी म्हणायला लावू नका.

उन्नतीचा बाबा,
नत्थू