शिळ्या पावावरची डुकरं

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कामाचं लिहिते, म्हणजे तू म्हणशील, ताईला अडचणीतच भावाची आठवण येते. तसं ते खरंच आहे. डुकरं वाढत नाहीयेत. बेकरीवाल्याने उरलेला पाव फुकट द्यायला सुरुवात केली तेव्हा देवच पावला म्हटलं होतं. हे गेल्यापासून पोती उचलून खुराक मिसळणं मला एकटीला जड जातं. पाव नुसता ओतला की झालं. हावऱ्यासारखी खातात. पण पोटं नगाऱ्यासारखी आणि पाठीचे मणके वर आलेले. केस राठ झालेत, आणि परवापासून एकमेकांच्या शेपट्या चावताहेत. सगळ्यात लहान मादी आहे, तिला मी बारकी म्हणते. तिच्या शेपटीचं रक्त पुसताना मी तिच्याशी बराच वेळ बोलत होते, ते नंतर लक्षात आलं.

तुझ्या कारखान्यात डुकरांचाच खुराक बनतो ना? मग सांग, माझं काय चुकतंय?

थंडी पडू लागली आहे. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. पत्राची वाट बघते, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. ताई, पावाने पोट भरतं, अंग भरत नाही. वाढत्या पिल्लाला मांस धरायला प्रथिनं लागतात, आणि ती पावात नावापुरती. खुराकात असं काही कमी पडलं की जनावर चिडचिडं होतं, मग शेपट्यांवर राग निघतो. पाव अगदी बंद करू नकोस. थोडाच ठेव, बाकी भरडलेला मका आणि सोयाबीनची पेंड, वर मूठभर क्षारांची पूड. एक मात्र ध्यानात असू दे. पावात मीठ असतं, तेव्हा पाणी अजिबात तुटता कामा नये.

आता तुझं. डुकरं काय खातात ते सविस्तर लिहिलंस, तू काय खातेस त्याचा एक शब्द नाही. मला विचारशील तर मी खानावळीत समोरच्या खुर्चीवर टोपी ठेवून जेवतो. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी येणार आहे. हसू नकोस.

लोभ आहेच, तो कागदावरही उतरू दे.

तुझा धाकटा

ता. ३ डिसेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझी नंतरची दोन्ही पत्रं मिळाली. रागावू नकोस. लिहिण्यासारखं आधी फार चांगलं होतं आणि मग फार वाईट.

तुझ्या मिश्रणाने महिन्याभरात पाठी भरल्या, केसांवर तकाकी आली, शेपट्या चावणं थांबलं. बारकी तर पुढचे पाय गव्हाणीत रोवून जेवते. मग गेल्या आठवड्यात मला जरा कणकण होती. पोती उचलवेनात, म्हणून शिळा पावच भरपूर ओतून ठेवला. पाणी काय, नळीतून आपोआप येतं. पण नळी गाळाने तुंबली होती. मी गेले तेव्हा दोन डुकरं भिंतीला डोकी टेकून उभी होती. डोळे उघडे होते, पण दिसत काही नव्हतं.

गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, मीठ मेंदूला भिनलंय. आता एकदम पाणी दिलंत तर उरलेलीही जातील, घोटघोटच द्या. भरलेली बादली माझ्यापाशी, आणि मी दिवसभर त्यांना नाही म्हणत बसले. तहानलेली डुकरं कशी ओरडतात ते तुला माहीत नाही. ती दोन गेलीच. चांगली वाढलेली, जास्त खाणारी होती. बाकीची वाचली.

घरात आणखी कोण असतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आहेत की सगळे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. माया असू दे.

तुझी ताई

ता. ९ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

थोडा वेळ पाणी तुटून डुकरं अशी आंधळी होत नाहीत. निदान दीड-दोन दिवस लागतात. नुसती कणकण असती तर तू एवढा वेळ अंगण ओलांडलं नसतंस, हे मला पटत नाही. तुला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि कुणी दार वाजवलं नाही. खरं ना? तुझं आजारपण मला डुकरांच्या आजारावरून कळावं? आणि ‘सगळे’ म्हणजे कोण गं?

शेड विकून इकडे ये. खोली लहान आहे, पण दुसरी खाट मावते.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच,
धाकटा

ता. २६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

इतके दिवस ‘बघू, बघू’ लिहून तुला टोलवत राहिले. आता खरं सांगते. सडकून ताप होता. दाराकडे बघत पडून होते. शेवटी उठले ते शेडमधला आवाज येईनासा झाला म्हणून.

आज सकाळी गाडी डुकरं घेऊन गेली. वजनं छान भरली. गाडीवाल्याने विचारलं, काय खायला घालता? मी म्हटलं, माझा भाऊ घालतो. वाढत नव्हती म्हणून रडत होते, आणि वाढली म्हणूनच गेली बघ. शेड धुतली. मग काय करावं ते सुचेना, तर पुन्हा धुतली.

तुझ्याकडे मी येणार नाही. तू कामावर जाशील आणि मी भिंतींकडे बघत बसेन. इथे निदान भुकेच्या वेळी कुणीतरी माझ्यासाठी ओरडतं. नवी पिल्लं सांगून ठेवली आहेत. पण आता मला एकटीला जमणार नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. तू ये. पाहुणा म्हणून नको, राहायला ये. कारखाना सोडवत नसेल तर तसं स्पष्ट कळव, राग धरणार नाही.

तुझी ताई

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

साहेबांना सांगून आलो. महिनाअखेरीस सुटेन, त्याआधी नाही. पिल्लं अगोदर आली तर त्यांना एकदम भरड्यावर आणू नकोस. नुकती आईपासून तुटलेली असतात, खुराक पटकन बदलला की हगवण लागते. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा आणि धीर धर.

मलाही सुरुवातीला तसंच सांभाळून घे. कुणाच्या सोबतीने राहायची सवय मोडली आहे.

बाकी भेटीत.

तुझा धाकटा