मळ्यातलं पेव

२ ऑगस्ट १९४३, सोमवार

पोथी उघडलीच नाही! श्रावणातला पहिला सोमवार, बायका पदर सावरून बसलेल्या, आणि मी काढलं लालाचं पुस्तक – फ्रान्सच्या राज्यक्रांतीचं. लाला माझा धाकटा भाऊ. सांगलीचं कॉलेज सोडून वर्षभर भूमिगत आहे. जाताना पुस्तक माझ्याकडे टाकून गेला. पोलीसपाटलाच्या घरात कोण शोधणार, म्हणाला. हुशार आहे पोरगा.

वाटलं, तेवढीच गंमत. पोथी काय, दरवर्षी तीच. सांगितलं – एक राजा होता. त्याच्या राज्यात सरदारांना कर माफ, धर्मगुरूंना माफ, भरायचा तो कुणब्यानं. मिठावरसुद्धा कर! "मिठावर?" सगळ्या एकदम. मग पीक बुडालं, पाव मिळेना. पाव म्हणजे त्यांची भाकरी, हेही फोडून सांगावं लागलं. बायका हलेनात. दिवे लावायची वेळ झाली तशी मीच हाकललं.

वाईच्या शाळेत सातवी केली ती अगदीच फुकट गेली नाही म्हणायची.

३ ऑगस्ट

आज बॅस्टिलचा तुरुंग फोडला. शेकडो माणसं चालून गेली, कितीक मेली, आणि आत कैदी निघाले सात! मनुबाई तोंडाला पदर लावून म्हणते, "सात जनांसाठी येवढा खटाटोप व्हय वो?" हसून हसून पुरेवाट.

४ ऑगस्ट

आज हसले नाही.

पॅरिसच्या बायका भाकरीसाठी राजाच्या वाड्यावर चालून गेल्या, ते सांगत होते. पावसात, चिखलातून, हातात मिळेल ते घेऊन. राजाराणीला गाडीत घालून शहरात आणलं त्यांनी. भामाबाई नेहमीसारखी दाराशी बसलेली. आमच्या बिराप्पाची बायको. ही धनगर माणसं पूर्वेकडची, दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा इकडं आली; बिराप्पा आमच्याकडे गडी म्हणून राहिला. मांडीवरचं पोर भाजलेला चिंचोका चोखत होतं. एवढ्या बायकांत तिनंच विचारलं,

"राणीला ठावं हुतं का, धान कुठं हाय त्ये?"

पुस्तकात नाही, म्हणाले. आणि पान उलटलं.

मला ठाऊक आहे धान कुठं आहे! मळ्यात, चिंचेखाली. गेल्या साली सरकारची धान्याची लेव्ही चुकवून ह्यांनी जमिनीतलं पेव भरलं. माणसं परगावची आणलेली, त्यामुळे बिराप्पालाही पत्ता नाही. तोंडावर फरशी, वर माती, वर कडब्याची गंज. गावात जोंधळा औषधाला मिळत नाही, आणि मी पाय पसरून राज्यक्रांती सांगते आहे.

ह्यांना विचारलं, पेवातला थोडा काढायचा का? "कसलं पेव?" म्हणाले आणि कूस बदलली.

५ ऑगस्ट

हे साताऱ्याला गेले. कचेरीचं बोलावणं. मंगळवारी येणार. बिराप्पानं गाडीनं मलकापुरापर्यंत सोडलं, तिथून मोटार.

आजचा भाग राजाच्या पळण्याचा. आधी सगळ्या लोकांसमोर शपथ घेतली, तुम्ही म्हणाल तसं राज्य करीन. मग नोकराचे कपडे चढवून बायकापोरांसकट पळाला! एका खेड्यात ओळखला, धरून आणला. भामाबाई म्हणाली, "मोठ्यांचं आसंच. सकाळी व्हय, सांजला न्हाई." सगळ्या हसल्या. मीही हसले, त्यांच्याहून जोरात.

६ ऑगस्ट, पंचमी

सांगितलं!

बायका झोक्यावर होत्या, भामाबाई आली नाही. ताटात पुरणाची दिंडं झाकून मीच तिच्या खोपटाकडे गेले. चुलीवर नुसता कुर्डूचा पाला रटरटत होता. पोरापुढं दिंड ठेवलं तर ते त्याच्याकडे बघत बसलं. खायचं असतं, हेच त्याला कळेना. मला भडभडून आलं. तोंडातून निघून गेलं सगळं – चिंच, गंज, फरशी.

"आज पंचमी. भुई उकरायची न्हाई आज," बिराप्पा बोलला. भामाबाईनं विचारलं, "मालक कवा येनार?"

"उद्या सकाळी," मी म्हणाले.

खोटं! मंगळवार ठाऊक असून खोटं! का, ते इथं तरी खरं लिहावं. गोष्ट उद्यावर गेली असती तर मीच ती गंज हलवू दिली नसती. मला मी चांगली ठाऊक आहे. माझा धीर आहे तोवर उरकून जाऊ दे, असं वाटलं.

बिराप्पानं मुंडासं गुंडाळलं आणि म्हणाला, "बगू."

७ ऑगस्ट

बिराप्पा गेला.

कोंडीबा कोतवाल सांगत आला. पेव उघडलं की तोंड दिवसभर मोकळं ठेवतात. आतली विषारी वाफ जाऊ देतात, कंदील सोडून बघतात, मग माणूस उतरतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिराप्पाला नव्हतं का? होतं! मलाही होतं! पण काल रात्रीच फरशी सरकवली आणि लगेच कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धरून भामाबाई एकटी. दोर ढिला पडला. हाक मारली, ओ नाही. ती ओढत राहिली. गडी माणूस तिच्यानं कसा निघणार? लोक धावून येईपर्यंत संपलं होतं.

का थांबला नाही? मी म्हणाले ना, उद्या सकाळी येतील म्हणून.

आणि पेवात काय निघालं? तळाला चिकटलेला काळा, कुजका जोंधळा. पाटीभर. बाकी पेव रिकामं.

सात कैदी. मीच हसवलं होतं सगळ्यांना.

८ ऑगस्ट

पुस्तक कणगीच्या मागं टाकलं.

१० ऑगस्ट

हे आले. गाडी आली नाही म्हणून मोटारीपासून चालत, चिखलानं भरलेले, चिडलेले. झालेलं ऐकलं आणि हसले. खरंच हसले! "शिमग्यातच रिकामं केलंय त्ये. माल कवाच सांगलीला गेला. येडं खुळं!" मग एकदम थांबून, "पर जागा कुनी दावली त्याला?"

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

"पाळत ठिवली आसंल," स्वतःच म्हणाले. चावडीवर जाऊन कागद केला – बिराप्पा, चोरी करताना मयत. आयुष्यात दुसऱ्याच्या शेतातलं कणीस मोडलं नाही त्यानं. मला चांगलं माहीत आहे. मी भाजी फोडणीला टाकली.

११ ऑगस्ट

गाव म्हणतं, पंचमीला भुई उकरली, नागोबा कोपला. चोरच होता, असंही म्हणायला लागलंय.

भामाबाईला चावडीवर बोलावलं. आमच्या दारासमोरच चावडी, दाराआडून सगळं ऐकू येतं. ह्यांनी दरडावून विचारलं, जागा कुणी दाखवली? आता माझं नाव येणार म्हणून मी भिंत धरून उभी. ती म्हणाली, "त्येनला सपान पडलं हुतं." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. पुढं फटक्याचा आवाज आला, तेव्हा कळलं तिला कुणीतरी मारलं.

मी बाहेर गेले नाही. पाय होते, दार उघडं होतं. थू माझ्यावर.

१२ ऑगस्ट

मनुबाई विचारून गेली, "पोथी कवा लावताय?" तिच्याकडे बघवेना.

१३ ऑगस्ट

भामाबाईच्या खोपटात गेले. पाय धरायला वाकले तर मागं सरली. बोलून टाकलं – मालक मंगळवारी येणार होते, मला ठाऊक होतं, माझ्या खोट्यानं तुझा माणूस गेला.

ती पोराला थोपटत म्हणाली, "ठावं हुतं."

"काय ठावं होतं?"

"मंगळवारी मोटारीवर गाडी घिऊन ये, म्हनून मालकानं त्येनलाच सांगितलं हुतं."

"अगं, मग थांबला का नाहीत? वाफ जाईपर्यंत तरी!"

"त्ये म्हनलं, मालकाचं भ्या न्हाई. पर उद्यापातूर बाईंचं मन फिरंल."

घरी आले. हे समोर चावडीवर बसलेत, गावातली चार माणसंही आहेत. सांगायला जाते आहे. आत्ताच – मन फिरायच्या आत.